बसून राहणारा सहावा

पादचारी पुलाच्या पायऱ्या उतरताना कुणीतरी आपल्या आईच्या पायांकडे टक लावून बघतंय, हे लक्षात आलं तेव्हा तिच्या डोक्यात सणकच गेली.

माणूस तसा सभ्य दिसत होता. चष्मा, चुरगळलेला शर्ट, छातीशी धरलेला एक चौकोनी डबा... पण सभ्य दिसायला काय लागतं? आई कठडा धरून एकेक पायरी उतरत होती आणि हा दोन पायऱ्या मागून, मान वाकडी करून बघत होता. आई थांबली की हा थांबे, आई उतरली की हा उतरे.

शेवटच्या पायरीच्या जरा अलीकडे ती गर्रकन वळली.

"काय बघताय हो मघापासून?"

"गुडघा," तो म्हणाला. इतक्या सरळपणे, की तिने मनात जुळवलेलं पुढचं वाक्य वायाच गेलं. "डावा. बदललेला आहे ना? फार सुंदर चाल आहे हो... म्हणजे काकूंची नाही, गुडघ्याची... म्हणजे काकूंचीही..."

तो जसजसा सावरायला गेला तसतसा रुतत गेला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. याची अक्कल गुडघ्यात आहे की काय, असं तिच्या मनात आलं आणि आपल्याच विचाराचं तिला हसू फुटलं. ते तिने ओठ दाबून आत ढकललं.

आईचा चेहरा मात्र उजळला होता. ऑपरेशननंतर सुरुवातीला सगळ्यांनी तिच्या गुडघ्याची चौकशी केली, मग लोक विसरले. आई विसरली नव्हती. कुठलाही जिना उतरून झाला की शेवटच्या पायरीवर ती क्षणभर थांबे, डाव्या गुडघ्यावर हात ठेवी आणि पुटपुटे, "ज्यानं कुणी तुला घडवलं, त्याचं भलं होवो रे बाबा." डॉक्टरांचे आभार तिने तेव्हाच मानले होते. पण गुडघा घडवणारा माणूस कधी भेटला नव्हता, त्यामुळे त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

आताही ती थांबली, पुटपुटली. आणि त्या माणसाने ते ऐकलं.

"काकू... हे तुम्ही नेहमी म्हणता?"

"प्रत्येक जिन्याला. का रे?"

"मी गुडघेच बनवतो," तो म्हणाला. "हा नाही, हा दुसऱ्या कुणाचा तरी. पण आम्हाला असं... कधी कुणी काही म्हणत नाही हो." त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि होता त्याहून धुरकट करून परत घातला.

तिचा राग तिथेच ओसरला. पण ओसरला हे त्याला कळायची काही गरज नव्हती. "आई, तू बस इथे बाकावर, मी टॅक्सी बघते," म्हणून ती रस्त्याकडे गेली. टॅक्सी मिळायला बराच वेळ लागला. परत आली तर आई आणि तो जन्माची ओळख असल्यासारखे गप्पा मारत होते. त्याच्या मांडीवरच्या डब्याचं झाकण तो लावत होता, आणि आई आपल्या पर्सची चेन लावत होती.

"कुणाशीही काय बोलत बसतेस गं?" टॅक्सीत बसल्यावर तिने आईला दटावलं.

"कुणीही कसा? गुडघेवाला आहे तो," आई म्हणाली, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघून एकटीच हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डबा छातीशी धरून गुडघेवाला तिच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

कृत्रिम सांधे माणसाच्या शरीरात जाण्याआधी ते किती झिजतात, हे तपासणारी ती प्रयोगशाळा. तिथे एक लांबलचक यंत्र होतं. त्यात पाच गुडघे एका रांगेत बसवायचे. वर मांडीच्या हाडाच्या टोकाच्या आकाराचा धातू, खाली नडगीच्या बाजूचा धातू, आणि दोघांच्या मधे घट्ट प्लॅस्टिकचा एक तुकडा. झिजतो तो हा मधलाच. भोवती सांध्यातल्यासारखा पिवळसर, कोमट द्रव. मग यंत्राने माणसाच्या वजनाचा भार द्यायचा आणि चालवायचं. गुडघे वाकत, सरळ होत, पुन्हा वाकत. महिनोन्‌महिने, लाखो पावलं, आणि पोचायचं कुठेच नाही. मधून मधून तुकडे बाहेर काढून, धुऊन, वाळवून तोलायचे. किती झिजले ते वजनच सांगे.

ते वजन करायची ती. तिच्या तराजूला काचेचं घर होतं आणि त्याचा स्वभाव इतका हळवा होता, की कुणी जोरात श्वास सोडला तरी तो आकडा बदले.

"तुम्ही!" तो म्हणाला.

"मी," ती म्हणाली. "डबा इथे ठेवा. आणि इथे कुणाच्या पायांकडे बघायचं असेल तर त्या यंत्रातल्या पायांकडे बघायचं."

"आणि चेहऱ्यांकडे?"

"चेहऱ्यांचा नियम अजून कुणी केलेला नाही," ती म्हणाली, आणि आपण असं कसं बोलून गेलो म्हणून घाईघाईने डबा उघडून बसली.

डब्यात सहा तुकडे होते. पसरट, दुधी रंगाचे, प्रत्येकात शेजारी शेजारी दोन उथळ खळगे. कडेला त्यांच्या खेपेची खूण आणि एक ते सहा आकडे कोरलेले. दोन वर्षं खपून त्याने हा आकार काढला होता. आताच्या गुडघ्यांपेक्षा जास्त वाकेल आणि कमी झिजेल, अशी त्याची खात्री होती.

"पाच चालणार," तिने समजावलं. "सहावा नुसता बसून राहणार. तोच द्रव, तोच भार, पण चालणं नाही."

"मग त्याचा उपयोग काय?"

"प्लॅस्टिक द्रव पितं. चालणारे झिजून हलके होतात आणि पिऊन जड होतात, दोन्ही एकदम. नुसत्या वजनावरून काय कळणार? सहावा झिजत नाही, फक्त पितो. तो जेवढा प्यायला तेवढं या पाचांच्या हिशेबात धरायचं, तेव्हा खरी झीज कळते. आम्ही त्याला जावई म्हणतो."

"का?"

"बसून पितो, वजन वाढवतो, काम शून्य. आणि तरी त्याच्यावाचून या घरातलं काही ठरत नाही."

तो इतका मोठ्याने हसला, की काचेच्या घरातल्या तराजूचा आकडा थरथरला.

दर वजनाच्या दिवशी कंपनीचा साक्षीदार म्हणून तो यायचा. प्रयोगशाळेचा नियम कडक होता. अहवाल हातात पडेपर्यंत निकालाबद्दल गिऱ्हाइकाशी अवाक्षर काढायचं नाही. मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या प्रमुख, या बाबतीत कुणाचं ऐकत नसत. त्यामुळे ज्या एकाच गोष्टीत दोघांचा जीव अडकला होता, ती सोडून बाकी सगळ्या जगाबद्दल ते बोलायचे.

"दारात उभे राहू नका. आकडा हलतो."

"माझ्यामुळे?"

"वाऱ्यामुळे."

"मग तुमचा हात का थांबला?"

"आकडा स्थिर व्हायची वाट बघतेय," ती म्हणायची. आकडा केव्हाच स्थिर झालेला असायचा.

तो तिला तराजूबाई म्हणू लागला. ती वर वर चिडायची. तो यायचा त्या दिवशी सकाळी दोनदा वेणी घालायची, हे आईने बघून ठेवलं होतं आणि शहाण्या माणसासारखं काहीही विचारलं नव्हतं. एकदा यंत्रातला द्रव बदलताना तिच्या बाहीवर तो सांडला. त्याचा वास जाता जात नाही. ती कानकोंडी होऊन लांब सरकली, तर हा म्हणाला, "मला आवडतो हा वास. माझे गुडघे यातच तर लहानाचे मोठे होतायत." त्या संध्याकाळी घरी जाताना तिला उगाचच चालत जावंसं वाटलं. वाटेत भुरभुर पाऊस लागला. छत्री पिशवीत होती, पण ती पिशवीतच राहिली.

आणि आकडे तर नुसते झकास येत होते! तुकडे जवळजवळ झिजतच नव्हते. एवढंच होतं, की जावई फारसा पीत नव्हता. त्याचं वजन होतं तिथेच होतं. तिच्या मनात एकदा शंकेची पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण नवीन प्लॅस्टिक आहे, कमी पीत असेल, असं तिने स्वतःलाच समजावलं. तसंच असावं असं तिला फार वाटत होतं.

इकडे आईचा उजवा गुडघाही कुरकुर करायला लागला होता. "उजवा मी गुडघेवाल्याचाच बसवून घेणार," आईने जाहीर केलं होतं. "त्याचा तयार होईपर्यंत थांबेन." डॉक्टरांकडे दाखवायला जायचं ठरलं तो दिवस अहवालाच्या आधीच्या आठवड्यातला. निघायच्या गडबडीत आईने बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "ठकू, माझी कानातली आण गं. कपाटाच्या आतल्या खणात, वाटीत आहेत."

तिने खण उघडला. वाटी नव्हती ती. पसरट, दुधी रंगाचा तुकडा होता. एका खळग्यात एक कानातलं, दुसऱ्या खळग्यात दुसरं. कडेला तीच खेपेची खूण, आणि पुढे कोरलेला सहा.

सहावा इथे आहे, मग गेले इतके महिने तिकडे बसून आहे तो कोण?

"आई... हा कुठून आला?"

"तो होय! पुलापाशी दिला नाही का त्यानं," आई कौतुकाने म्हणाली. "मी म्हटलं, माझ्या आत काय आहे ते कधी हातात घेऊन बघितलं नाही. तर त्यानं डबा उघडून हातावरच ठेवला. किती गुळगुळीत बघ! मग मीच मागून घेतला. म्हणाला, ठेवा काकू, माझ्या टेबलावर असाच एक आहे, त्यावर हेच कोरून तो घालतो याच्या जागी." तिचा चेहरा बघून आई थांबली. "काय गं? चुकलं का माझं?"

"नाही गं आई," ती कशीबशी म्हणाली. "तुझं नाही चुकलं."

त्याच्या टेबलावरचा तो तुकडा तिला ठाऊक होता. त्यानेच कधीतरी हसत हसत सांगितलं होतं, की नमुना म्हणून एक तुकडा त्याने वर्षभर द्रवाच्या बरणीत बुडवून ठेवलाय, माशासारखा. वर्षभर! म्हणजे जावई पोटभर पिऊनच आला होता. इथे बसून त्याने आणखी काय प्यायचं? चालणारे पाचही पीत होते, त्यांची झीज त्या पाण्याखाली लपत होती, आणि हिशेबात ती दिसतच नव्हती. साचा तोच, प्लॅस्टिक तेच, नुसता बसून तर राहायचंय, मग काय फरक पडतो, असं त्याला वाटलं असणार. आकार घडवणाऱ्या माणसाला वाटणारच.

गप्प बसणं किती सोपं होतं. आईच्या खणात कोण डोकावणार होतं? अहवाल गेला असता, त्याची दोन वर्षं सार्थकी लागली असती, आणि मग कदाचित... तिने डोळे मिटले. बाहेरच्या खोलीत आई खुर्चीतून उठत होती, उजव्या गुडघ्यावर हात दाबून, तोंडातल्या तोंडात "आई गं" म्हणत.

डॉक्टरांकडून परत येताना तिने काही ठरवलं, असं म्हणता येणार नाही. ठरलेलंच होतं ते. दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळलेला तुकडा तिने मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

मोठ्या बाईंनी तुकडा उचलून कडेचा आकडा वाचला. "सहाव्याचं वजन वाढत नव्हतं, तेव्हा शंका आली नाही तुला?"

"आली होती मॅडम. पण... मला ती यायला नको होती."

"हं," मोठ्या बाई म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "तराजूसमोर बसताना मनात काही इच्छा ठेवू नये गं. कठीण असतं, मला माहीत आहे. बोलाव त्याला."

तो आला. टेबलावरचा तुकडा बघून आधी हसला. "अरे वा, काकूंचा तुकडा!" आणि मग तिने एकेक गोष्ट सांगितली तसं ते हसू विझत गेलं.

"म्हणजे आमचा आकडा..."

"खरा नाही."

"खरा किती असेल?"

"आता सांगता येणार नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

त्याने चष्मा काढला, पुसला नाही, हातातच धरून उभा राहिला. मग "येतो," एवढंच म्हणून निघून गेला. यंत्र बंद केलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या खोलीत एवढी शांतता होती, आणि त्या शांततेत बसून तिने पोटभर रडून घेतलं. आपणच आपल्या हाताने त्याचं घर पाडलं, असं तिला वाटत राहिलं.

त्या आठवड्यात त्याचा फोन नाही, निरोप नाही. आई विचारायची नाही, पण तिने कानातली खणात नुसतीच ठेवायला सुरुवात केली होती.

रविवारी दोघी त्याच पुलावरून येत होत्या. आई आता दोन्ही हातांनी कठडा धरून उतरायची. अर्ध्यात आल्यावर तिला खाली बाकापाशी तो दिसला. छातीशी डबा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. आईने शेवटच्या पायरीवर थांबून नेहमीसारखा डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, पुटपुटली, आणि मग म्हणाली, "बसते मी जरा इथे. तुम्ही बोला. मला काही ऐकू येत नाही."

आईचे कान चांगले तीक्ष्ण होते.

"कंपनीत सगळं सांगितलं," तो म्हणाला. "पुष्कळ बोलणी खाल्ली. पण नवे सहा बनवायला परवानगी मिळाली. या वेळी डबा वाटेत कुठेही उघडणार नाही."

"रागावलात?"

"रागावलो होतो. आधी तुमच्यावर, खोटं कशाला बोलू... मग स्वतःवर." त्याने आईकडे बघितलं. आई पर्समध्ये काहीतरी शोधण्याचं नाटक करत होती. "मग एकदम डोळ्यांसमोर काकूंचा उजवा गुडघा आला. खोटा आकडा घेऊन माझा तुकडा उद्या कुणाकुणाच्या गुडघ्यात बसला असता. ते लोक जिना उतरून माझं भलं चिंतत राहिले असते... आणि आत तो झिजत राहिला असता." तो तिच्याकडे वळला. "थँक्यू म्हणायला आलोय. फार मोठं थँक्यू. तुम्ही मला वाचवलंत, तराजूबाई."

तिला वाटत होतं तो दोष देईल, फार तर माफ करेल. आभार मानेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो घाबरला, त्याने खिशात रुमाल शोधला, सापडला नाही, म्हणून आपला चष्मा पुसायचा शर्टाचाच कोपरा पुढे केला... आणि रडता रडता तिला हसू आलं.

मग तो आईसमोर उकिडवा बसला. "काकू, एक ऐकाल? उजव्यासाठी माझी वाट बघू नका. माझा पास झाला तरी माणसांत यायला त्याला वर्षं लागतील. डावा ज्यानं बनवलाय, त्याचाच घ्या. चालून चालून खात्रीचा झालाय तो."

"तुझा नको?" आई हिरमुसली.

"मला तुम्ही लवकर चालायला हव्यात," तो म्हणाला.

आईने त्याच्या गालावर हात ठेवला. त्या क्षणी आपण याच्या प्रेमात आहोत, हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं. आता ते नाकारण्यात काही अर्थच उरला नव्हता.

नवे सहा आले. या वेळचा जावई अगदी खराखुरा तहानलेला होता, वजनाच्या प्रत्येक दिवशी थोडा थोडा फुगत गेला. यंत्र पुन्हा चालू लागलं. तो यायचा, दारात उभा राहायचा नाही, श्वास धरून लांब बसायचा. निकालाबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का, हेही बघितलं नाही. चेहऱ्याकडे मात्र बघायचा. दरम्यान आईचा उजवा गुडघा झाला. पहिल्या दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकायला लावली तेव्हा एका बाजूला ती होती आणि दुसऱ्या बाजूला तो होता. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

अहवालाच्या दिवशी मोठ्या बाईंनी कागद त्याच्या हातात दिले. ती खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. बाहेर पावसाची रिपरिप चालली होती. पानं उलटल्याचा आवाज आला, मग थांबला.

"पास आहे," तो म्हणाला. "मागच्या आकड्याइतका झकास नाही. पण पास आहे."

"मागचा आकडा आकडा नव्हताच," मोठ्या बाई म्हणाल्या. "हा खरा आहे. अभिनंदन." आणि त्या लगेच बाहेर गेल्या. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. ते दार त्या एरवी कधीच ओढत नसत.

"आता बोलायला बंदी नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग एक विचारायचं होतं. निकालाचं नाही, दुसरंच. बरेच महिने झाले, पण म्हटलं तुला वाटेल, निकालावर डोळा ठेवून विचारतोय. म्हणून थांबलो..."

"गुडघ्याला बाशिंग बांधून आलायस की तू!" ती म्हणाली.

"माझ्याकडे दुसरं काय असणार बांधायला?" तो म्हणाला. "माझ्याशी लग्न करशील?"

"सहाव्याची जागा मोकळी आहे आमच्याकडे," ती म्हणाली. "फक्त बसून राहायचं नाही."

"चालेन," तो म्हणाला. "लाखो पावलं."

मग मात्र तिला चेष्टा सुचेना. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि "हो" म्हणाली. काचेच्या घरातला तराजू कितीतरी वेळ स्थिर होईना, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

त्या संध्याकाळी आईला सांगायला दोघे मिळून घरी गेले. आई जिन्यावरूनच खाली येत होती, एका हाताने नुसता कठड्याला स्पर्श करत. तिने दोघांचे चेहरे बघितले, ओळखायचं ते ओळखलं, पण जिना अर्धा सोडून घाई केली नाही. शेवटच्या पायरीवर थांबली. डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, उजव्यावर ठेवला, पुटपुटली. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "याचं काही अजून माझ्या अंगात बसवलेलं नाही. पण याचंही भलं होवो."

तो मान खाली घालून उभा राहिला. कानाच्या पाळ्या पुन्हा लालबुंद.

रात्रीचं जेवण झाल्यावर आईने कपाट उघडून तो जुना सहावा काढला. मोठ्या बाईंनी तो परत पाठवला होता, आता कुठल्याही कामाचा नाही म्हणून. तिने तो ठकूच्या तळहातावर ठेवला. "हा आता तुझा. मी बघते माझ्यासाठी दुसरी वाटी."

ठकूने आपली कानातली काढली आणि एकेका खळग्यात एकेक ठेवलं. मग खाली वाकून आईच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ज्याचं नावही माहीत नाही, अशा त्या माणसाला मनापासून म्हणाली, "भलं होवो रे बाबा तुझं."